पुनरुत्थानावर विश्वास आहे, पण भाऊ गेल्यापासून आशाच वाटत नाही – काय करू?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज सकाळी चहा घेताना परत वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुमचा धाकटा भाऊ, वय 31, चार महिन्यांपूर्वी बाईकच्या अपघातात गेला. तुम्ही चर्चमध्येच वाढलात, संडेस्कूल घेता, ख्रिस्त उठला हे मनापासून मानता, पण भाऊ गेल्यापासून आत सगळं कोरडं पडलंय. मंडळीतले लोक घरी येऊन म्हणतात रडू नकोस, तो प्रभूजवळ आहे, विश्वासणाऱ्यांनी असं रडायचं नसतं, आणि ते गेले की तुम्हाला जास्तच एकटं वाटतं. आणि अगदी शेवटी एक ओळ लिहिलीय, की तो गेली काही वर्षं चर्चला येतच नव्हता. मला वाटतं खरा प्रश्न त्या ओळीत आहे, आईसमोर तो काढता येत नाही म्हणून इथे काढलात. त्यावर येतोच, पण थेट तिथे उडी नाही मारत.

मी 27 वर्षं पाळक आहे, आधी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत, नंतर पुण्यात, आणि मधली 8 वर्षं हॉस्पिटलमध्ये चॅप्लिन, म्हणजे पेशंटना धीर देणारा पाळक, होतो. दफनविधी किती केले ते मोजायचं कधीच सोडलं. मी डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट नाही, त्यामुळे जे सांगतोय ते कबरीपाशी आणि वॉर्डात उभं राहून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे चार महिने हा काहीच काळ नाही. कुणाला किती वेळ लागेल हे माणसावर असतं, नात्यावर असतं, आणि मरण कसं आलं यावर तर फारच असतं. वर्षभर कॅन्सरशी झुंजून गेलेल्या माणसाच्या घरचे निम्मं रडणं हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरच रडलेले असतात, अपघातात मात्र सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी नसतो आणि मन कितीतरी महिने गेटच्या आवाजाकडे कान लावून बसतं. अशा वेळी काहीच न वाटणं हे मनाचं स्वतःला सांभाळणं असतं, त्यावरून विश्वासाचा रिपोर्ट काढायचा नसतो. कुणीतरी तुम्हाला शोकाच्या पाच पायऱ्यांचा (नकार, राग, सौदा, निराशा, स्वीकार) मेसेज पाठवलाय आणि त्यात तुम्ही स्वतःला शोधताय असंही लिहिलंय, तर ते आजच सोडा. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी 1969 साली त्या पायऱ्या मांडल्या त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी तो जिना नव्हताच. माझ्या पाहण्यात तरी कुणी तो क्रमाने चढलेलं नाही.

आता "रडू नको, तो प्रभूजवळ आहे" याबद्दल. आपल्याकडे काय होतं, कुणी गेलं की शेजारपाजारचे भेटायला येतात, प्रेमाने हात धरतात आणि म्हणतात आत्मा अमर आहे हो, शरीर काय जुनं वस्त्र. ते मनापासूनच म्हणतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, माझ्या घरीही अशीच माणसं पहिल्यांदा चहा घेऊन आली होती. गडबड अशी होते की आपली मंडळीही तेच उचलते, फक्त आत्म्याच्या जागी "प्रभूघरी गेला" असं घालते. पण दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे आपला विश्वास एकत्र बोलून दाखवतो त्यात, आपण काय म्हणतो आठवा, "देहाचे पुनरुत्थान". शरीर जुनं कापड असेल तर ते टाकल्याबद्दल रडणं वेडेपणाच ठरेल. पण हाच देह देव परत उठवणार असेल तर तो देह मोलाचा आहे, तो रस्त्यावर मोडून पडला हे खरंच भयंकर घडलंय, आणि त्यावर रडणं अगदी बरोबर आहे. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात मरणाला शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू. म्हणजे पुनरुत्थान मानणाऱ्याला तर रडायचा हक्क दुप्पट आहे.

हे मला शिकायला वेळ लागला. पाळकीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका खेड्यात 6 वर्षांचं पोर विहिरीत बुडून गेलं. मी तरुण, घाबरलेलो, काहीतरी बोललंच पाहिजे असं वाटत होतं, तर त्याच्या आईला म्हणालो, देवाला आपल्या बागेत फूल हवं होतं. ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याची बाग मोठी हाय, माझ्या अंगणात येकच व्हतं." मी गप्प. आजही ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. नंतर ती बाई चर्चला येत राहिली, पण माझ्या प्रवचनाच्या वेळी बाहेर चिंचेखाली बसायची. देवाला आवडला म्हणून नेला, देवाची काहीतरी योजना असेल, ही वाक्यं त्या दिवसापासून मी कुठल्याच घरात उच्चारलेली नाहीत. तुमच्याकडे ती म्हणणाऱ्यांवर मात्र फार रागावू नका, बहुतेक जण मी घाबरलो होतो तसेच घाबरलेले असतात.

योहानाचा 11वा अध्याय तुम्हाला पाठ असेल, संडेस्कूलमध्ये लाजरची गोष्ट, येशू आपल्या मेलेल्या मित्राला कबरीतून उठवतो ती, घेतली असेलच. मी अंत्यविधीला तो घेतो तेव्हा लाजरपेक्षा त्याच्या बहिणींवर थांबतो, तुम्ही बहीण आहात म्हणून तुम्हालाही तेच सांगतो. दोघी बहिणी येशूला अगदी एकच वाक्य म्हणतात, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. वाक्य एक, पण उत्तरं दोन. मार्थाशी तो बोलतो. ती धर्मशास्त्राचं बिनचूक उत्तर देते, शेवटल्या दिवशी तो उठेल हे मला ठाऊक आहे. ताई, तुमचा प्रश्न नेमका इथेच अडकलाय बघा, उत्तर ठाऊक आहे, बरोबरही आहे, पण ते शेवटल्या दिवशीचं आहे आणि आज तर मंगळवार आहे. येशू तिला विश्वास कमी आहे म्हणून झापत नाही. तो म्हणतो पुनरुत्थान व जीवन मीच आहे, म्हणजे ती लांबची तारीख तिच्यासमोर माणूस होऊन उभी राहते. आणि मरीया आली की तो काहीच समजावत नाही, रडतो. थोड्याच वेळात लाजर बाहेर चालत येणार हे माहीत असून रडतो! त्याआधी त्याच्या मनाची जी अवस्था सांगितलीय तिथल्या मूळ ग्रीक शब्दात रागाची छटा आहे, घोडा फुरफुरतो त्यालाही तोच शब्द वापरायचे. मित्राच्या कबरीपाशी उभा राहून देवाचा पुत्र मरणावर चिडलेला आहे. तेव्हा तुम्हाला जो राग येतोय, त्या ट्रकवाल्याचा, रस्त्याचा, देवाचा, तो तुम्हाला येशूपासून लांब नेतोय असं समजू नका.

लोक जे वचन तोंडावर फेकतात ते थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातलं. तिथे पौल शोक करू नका असं म्हणून थांबत नाही हो, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं म्हणतो, वाक्याचा अर्धा भाग कापून तुमच्या हातात दिलाय. हे पत्र साधारण इसवी सन 50च्या आसपासचं, नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी. मंडळी स्थापन होऊन फार दिवस झालेले नाहीत, तोवर काही जण वारले, आणि मागे राहिलेल्यांना भीती की प्रभू येईल तेव्हा आपली गेलेली माणसं मागेच राहणार. म्हणजे पहिल्या पिढीपासून हा प्रश्न विचारला जातोय, तुम्ही काही वेगळ्या किंवा कमी विश्वासाच्या नाही आहात.

हे सगळं मनाची समजूत घालायला रचलेलं नाही कशावरून, असंही तुम्ही विचारलंय. पुरावा दाखवून तो वाद मला मिटवता येणार नाही. मी एवढंच बघतो की समजूतच घालायची होती तर त्या काळात सोपी गोष्ट हाताशी होती, ग्रीक लोकांना आत्म्याचं अमरत्व छान पटायचं, देह उठतो म्हटल्यावर अथेन्समध्ये लोक पौलाला हसले. आणि रिकाम्या कबरीच्या पहिल्या साक्षीदार म्हणून चारही शुभवर्तमानांत बाया आहेत, ज्यांच्या साक्षीला त्या समाजात फारसं वजन नव्हतं, गोष्ट रचणाऱ्याने असं केलं नसतं. मला हे पुरतं. तुम्हाला आज नाही पुरलं तरी चालेल, पौल स्वतःच म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमच्याइतके कीव करण्यासारखे आम्हीच.

मग उठणार म्हणजे काय उठणार? हॉस्पिटलमध्ये हे मला सगळ्यात जास्त विचारलं जायचं, तो मला ओळखेल का, या शब्दांत. पौल दाण्याचं उदाहरण देतो, पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते वेगळंच. आपल्याकडच्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही, ज्वारीचा दाणा मुठीत धरून त्यात कणीस दिसत नाही, पण कणीस येतं ते ज्वारीचंच, बाभळीचं येत नाही. उठलेल्या येशूच्या बाबतीतही तसंच दिसतं. त्याची शिष्या मरीया मग्दालीया (लाजरची बहीण ती वेगळी) त्याला माळी समजते, चेहऱ्यावरून ओळखत नाही, तो तिचं नाव घेतो तेव्हा ओळखते. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तो जखमा दाखवतो, म्हणजे जखमा पुसल्या गेल्या नाहीत, फक्त आता त्यांचं दुखणं संपलंय. शिष्यांपुढे बसून भाजलेला मासा खातो. मला यातून एवढं कळतं की तुमचा भाऊ तुमचा भाऊच असेल, त्याच्या आवाजासकट, आणि बहुतेक तुम्हाला ज्या नावाने चिडवायचा त्या नावासकट. यापुढचं वर्णन मी करत नाही. सोन्याच्या रस्त्यांवर तासभर बोलणारे पुष्कळ आहेत.

(मध्येच एक, कुणीतरी वाचणारं असेल म्हणून. कोविडमध्ये आपल्यातल्याही काही घरांत दफनाऐवजी दहन झालं आणि अजून लोक मला दबक्या आवाजात विचारतात की देहच राहिला नाही तर काय. अहो, मातीत पुरलेल्याचं तरी शंभर वर्षांनी काय राहतं. रोमन कॅथलिक चर्चने 1963 मध्येच दहनाला मुभा दिली. उठवणारा देव आहे, आपण जपून ठेवलेल्या हाडांवर त्याचं काम अडत नाही.)

आता तुमची ती ओळ. तो चर्चला येत नव्हता. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. माझ्या ओळखीचे पाळक यावर वेगवेगळं सांगतील, काही कडक सांगतील, कॅथलिक फादर सांगतील त्याच्यासाठी प्रार्थना करा, 2 नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाची मिसा असते तिला या. माझ्या प्रोटेस्टंट परंपरेत आम्ही मेलेल्यांसाठी तशी प्रार्थना करत नाही, त्यांना देवाच्या दयेवर सोपवतो. पण निकाल सांगण्याचं काम मला कुणी दिलेलं नाही, आणि तुमच्या मंडळीतल्या कुणालाही दिलेलं नाही. चर्चची हजेरी म्हणजे देवाची वही नव्हे. येशूच्या शेजारचा क्रुसावरचा चोर, ज्याला त्याने आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील म्हटलं, तो तर कुठल्याच चर्चच्या हजेरीपटावर नव्हता. हॉस्पिटलमध्ये मी अशी माणसं पाहिली जी वीस वर्षं चर्चच्या दारात आली नव्हती आणि रात्री दोनला माझा हात धरून लहानपणी आजीने शिकवलेली प्रार्थना म्हणत होती, आणि ते घरच्यांना कधीच कळलं नाही, कारण ते बाहेर बाकावर झोपलेले होते. तुमच्या भावाच्या शेवटच्या काही मिनिटांत त्या रस्त्यावर त्याच्या आणि देवाच्या मध्ये काय झालं ते ना तुम्हाला माहीत ना मला. अब्राहाम सदोम शहर वाचवण्यासाठी घासाघीस करताना देवाला विचारतो, सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही का. मी अशा दफनाच्या आदल्या रात्री त्याच वाक्यावर झोपतो. आणि ज्याच्या हातात निकाल आहे तो तोच, जो लाजरच्या कबरीपाशी रडला.

मग आशा वाटत नाही त्याचं काय करायचं. इथे माझंच सांगतो. माझी बायको फेब्रुवारीत गेली आणि पुढे ईस्टर आला. पहाटेची उपासना मलाच घ्यायची होती, नको म्हणालो असतो तर कुणी बोललं नसतं पण हट्टाने उभा राहिलो. सुरुवातीला पाळकाने म्हणायचं असतं "ख्रिस्त उठला आहे", आणि मंडळी म्हणते "खरोखर उठला आहे". माझ्या तोंडातून शब्दच निघेना. दहा सेकंद, वीस सेकंद, सगळे खाली बघतायत. मग पुढच्या बाकावरच्या एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, नवरा आणि दोन मुलं पुरलेल्या, बसल्या जागेवरून खणखणीत आवाजात म्हणाल्या "ख्रिस्त उठला आहे!" आणि सगळ्यांनी उत्तर दिलं. मी नाही दिलं. त्या वर्षी माझी आशा मी धरलेली नव्हती, त्या आजींनी धरली होती आणि मी नुसता तिच्या सावलीत उभा होतो. तोवर मला वाटायचं की आशा म्हणजे छातीत जाणवणारी ऊब, ती नसेल तर आपण ढोंगी. आता वाटतं की ती बरीचशी एकमेकांत वाटून धरायची गोष्ट आहे. इसवी सन 325 मध्ये नायसिया इथल्या बिशपांच्या परिषदेने आपला मतांगीकार केला तेव्हा त्याचा पहिला शब्द अनेकवचनी होता, आम्ही विश्वास ठेवतो. आम्ही! तेव्हा ताई, "देहाचे पुनरुत्थान" या शब्दांशी तुमचा आवाज अडत असेल तर तिथे गप्प राहा, बाकीचे म्हणतील, तुमचा वाटा त्यात धरलेला आहे. पुढे कधीतरी तुम्ही दुसऱ्या कुणासाठी म्हणाल. संडेस्कूलमधून मात्र दोन-तीन महिने सुट्टी घ्या, मुलांसमोर हसरा चेहरा करून ईस्टरची गोष्ट सांगणं या वर्षी तुमचं काम नाही.

प्रार्थना जमत नसेल तर 88वं स्तोत्र मोठ्याने वाचा. ते तक्रारीने भरलेलं आहे आणि हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधार असा आहे, पुढे समाधानाची एकही ओळ जोडलेली नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आणि भावाचं नाव घ्या. घराघरांत मी बघतो की महिन्याभरात नावच बंद होतं, सगळे "तो", "त्याचं", "ते झालं तेव्हा" असं बोलायला लागतात, आई रडेल म्हणून. आई तशीही रडतेय, न्हाणीघरात नळ सोडून. तुम्हीच एक दिवस जेवताना त्याचा एखादा किस्सा काढा, शक्यतो हसण्यासारखा. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य चालत होते, सुमारे 11 किलोमीटरची वाट, आणि म्हणत होते आम्हाला आशा होती, होती, भूतकाळात. उठलेला येशू बरोबर चालत होता आणि त्याने पहिल्यांदा काय केलं तर काय झालं म्हणून विचारलं, आणि त्यांना सगळी गोष्ट सांगू दिली. ज्याला सगळं माहीत होतं त्याने. भेटायला येणाऱ्यांना तुम्हीही सरळ म्हणा, काकू, मला वचन नका सांगू, त्याची काही आठवण असेल तर सांगा. दहातल्या सहा जणी सांगतील, मग उरलेल्या चार येणार नाहीत, तेही ठीकच.

एक मात्र गंभीरपणे. झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, जेवण सुटलं असेल, त्याच्याकडे जावंसं वाटतंय असे विचार येत असतील, तर पाळकावर थांबू नका, डॉक्टरकडे जा, आजच. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि वर्ष उलटून गेलं तरी रोजचं जगणं पहिल्या महिन्यासारखंच ठप्प असेल तर त्यालाही आता वैद्यकीय नाव आणि उपचार आहेत, 2022 पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत ते आलंय. औषध घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास नाही, मी स्वतः बायको गेल्यावर सात महिने घेतलं.

शेवटी तुम्ही विचारलंत की ईस्टरच्या पहाटे मंडळी कबरस्तानात जाते, या वर्षी जाऊ का, की सहन होणार नाही. दोन्ही शक्य आहे, आणि घरी राहिलात तरी काही बिघडत नाही. ही पद्धत कुठून आली माहितीये का, 1732 मध्ये जर्मनीत हर्नहुट गावच्या मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांतली काही तरुण मुलं ईस्टरच्या पहाटे अंधारात टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन गात बसली, तिथून ती मिशनऱ्यांबरोबर जगभर गेली. आणि इंग्रजीतला सेमेटरी हा शब्दच मुळी ग्रीकमधल्या झोपायच्या जागेवरून आलाय, पहिल्या ख्रिस्ती लोकांना ती जागा तशी वाटायची, लोक सकाळपर्यंत झोपलेत अशी. जायचं ठरवलंत तर गर्दीबरोबर जाऊ नका, अर्धा तास आधी जा, म्हणजे त्याच्यापाशी तुम्ही आणि आई एकट्या असाल. बसायला चटई न्या, दगड पहाटे गार असतो. आणि मेणबत्ती काचेच्या ग्लासात लावा, उघड्यावर वारा ती टिकू देत नाही, दरवर्षी निम्मे लोक काडेपेटी शोधत असतात.